परळच्या पाटीवरचे नाव

दोन वर्षांपूर्वी आमच्या शाळेची सहल मुंबईला गेली होती. राणीची बाग पाहून झाली होती, मुलांचे डबे खाऊन झाले होते आणि आमची गाडी परळच्या रस्त्याने मुंगीच्या पावलांनी सरकत होती. खिडकीशी बसलेला पाचवीतला एक मुलगा दिसेल ती पाटी मोठ्याने वाचत होता. एका फाटकापाशी गाडी थांबली. त्याने वाचले, "हाफकिन!" आणि मागे वळून मला विचारले, "गुरुजी, हाफकिन म्हणजे काय हो?"

'कोण' नव्हे, 'काय'!

शेजारचा मुलगा शहाणपणाने म्हणाला, "अरे, तिथं सापा-विंचवावरचं औषध करतात." दुसऱ्याने पोलिओच्या डोसाची भर घातली. मी म्हणालो, "बाळांनो, ते एका माणसाचे नाव आहे." त्यावर पहिल्याने लगेच विचारले, "कुठला माणूस, गुरुजी?" तेवढ्यात गाडी सुटली, आणि खरे सांगायचे तर मीही सुटलो.

कारण मला उत्तर येत नव्हते. गेली वीस वर्षे मी इतिहास शिकवतो. १८९७ सालचा प्लेग, पुण्यातले रँडसाहेबाचे सोजीर, चापेकर बंधू, प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता देह ठेवणाऱ्या सावित्रीबाई, हे सारे दरवर्षी मुलांना सांगतो आणि सांगताना माझाही कंठ दाटून येतो. पण त्याच प्लेगवर लस काढणारा माणूस त्याच दिवसांत मुंबईत एका खोलीत रात्रीचा दिवस करीत होता, हे मी कधी सांगितले नव्हते. गावी परतल्यावर मिळेल ते वाचत गेलो. जसजसे वाचत गेलो तसतशी त्या मुलापुढे गप्प बसल्याची लाज वाढत गेली. फराळाच्या ताटाशेजारी प्लेगची हकिकत ठेवतो आहे, त्याबद्दल वाचकांनी क्षमा करावी. या हकिकतीचा दिवाळीशी एक धागा आहे. तो पुढे येईलच.

आमच्या सातारकडच्या घरात माझी आजी मेलेल्या उंदराला फार भीत असे. माजघरात उंदीर मरून पडलेला दिसला की तिचा चेहरा उतरायचा. आम्ही पोरे हसायचो. तिच्या सासूने, म्हणजे माझ्या पणजीने, तिला सांगितलेले सारे तिच्या मनात घर करून होते. उंदीर पडू लागले की आख्खा गाव दारांना कुलपे लावून माळावर झोपड्यांत राहायला जायचा. तुळशीला पाणी घालायलादेखील कोणी गावात शिरायचे नाही. ताप आला की बाकी काही न विचारता लोक एवढेच विचारीत, "गाठ काखेत की जांघेत?" सकाळी खांदा देणारा संध्याकाळी स्वतः तिरडीवर चढायचा. या साथीने हिंदुस्थानात पुढच्या पंचवीस वर्षांत एक कोटीहून अधिक माणसे नेली. आजीची भीती हसण्यासारखी नव्हती, हे मला फार उशिरा कळले.

तर हाफकिन. व्लादिमिर हाफकिन, पुढे युरोपात वाल्डेमार म्हणून ओळखला गेलेला. काळ्या समुद्राकाठच्या ओडेसा शहरात १८६० साली एका ज्यू कुटुंबात तो जन्मला. झारच्या रशियात ज्यू असणे म्हणजे जन्मतःच पायांत बेडी असणे. ओडेसाच्या विद्यापीठात इल्या मेचनिकॉव्ह हा थोर प्राणिशास्त्रज्ञ त्याचा गुरू होता. तरुण हाफकिन क्रांतिकारकांच्या नादी लागला, पकडला गेला. ज्यूंच्या वस्त्यांवर हल्ले झाले तेव्हा त्यांच्या बचावाला उभा राहून जखमी झाला. गुरूने रदबदली केली म्हणून सुटला. पुढे विद्यापीठात अध्यापकाची जागा चालून आली, पण धर्म बदलून ख्रिस्ती हो, अशी अट होती. त्याने जागा सोडली आणि धर्म राखला. १८८८ साली तो देश सोडून जिनिव्हाला आला आणि दुसऱ्या वर्षी पॅरिसला पाश्चरच्या संस्थेत दाखल झाला.

दाखल झाला तो शास्त्रज्ञ म्हणून नव्हे. प्रयोगशाळेत जागा नव्हती. रिकामी होती ती ग्रंथालयातली दुय्यम जागा, पुस्तके लावण्याची. ती त्याने आनंदाने घेतली. दिवसा पुस्तके आणि उरल्या वेळात जंतू, असा त्याचा क्रम सुरू झाला. पुढे एमिल रू या पाश्चरच्या उजव्या हाताने त्याला आपल्या हाताखाली घेतले.

त्या वेळी युरोपाला धास्ती होती पटकीची. पटकीचा जंतू कॉखने शोधून काढला होता, पण त्यावर लस करण्याचा स्पेनमधील फेरानचा प्रयत्न वादात सापडला होता आणि भल्याभल्यांनी या रोगाची लस होणे नाही असे ठरवून टाकले होते. हाफकिनने गिनीपिगांच्या पोटातून एकामागून एक असा तो जंतू नेत नेत त्याची शक्ती वाढवली, दुसरीकडे उष्णता व हवा देऊन त्याचीच एक दुबळी जात तयार केली, आणि दोन टप्प्यांनी टोचायची लस सिद्ध केली. १८ जुलै १८९२ रोजी त्याने ती पहिल्यांदा माणसाला टोचली. तो माणूस म्हणजे तो स्वतः. ताप आला, अंग दुखले, आणि उतरले.

पण प्रयोगशाळेत लस निर्दोष ठरणे निराळे, आणि साथीत माणसे वाचणे निराळे. जिथे पटकी कायमची ठाण मांडून आहे अशी भूमी हवी होती. पॅरिसमधले ब्रिटिश राजदूत लॉर्ड डफरिन हे पूर्वी हिंदुस्थानचे व्हाइसरॉय होते. त्यांच्या सूचनेने १८९३ च्या मार्चमध्ये हाफकिन कलकत्त्यास उतरला. सरकारी डॉक्टर त्याच्याकडे तिरक्या नजरेने पाहत. हा डॉक्टरही नव्हता, इंग्रजही नव्हता; प्राणिशास्त्र शिकलेला एक रशियन ज्यू! त्याने मात्र उत्तर हिंदुस्थानात गावोगाव हिंडून दोन-अडीच वर्षांत सुमारे ४२,००० लोकांना लस टोचली. कलकत्त्याच्या कट्टल बागान नावाच्या वस्तीत सुमारे २०० माणसांपैकी ११६ जणांनी टोचून घेतले. पुढे त्या वस्तीत ज्यांना पटकी झाली, ते सारे न टोचलेल्यांपैकी निघाले. एवढे होईतो मलेरियाने त्याचे शरीर पोखरले होते. १८९५ साली तो विश्रांतीसाठी इंग्लंडला गेला आणि पुढल्या वर्षी परत आला.

त्याच वर्षी, १८९६ च्या सप्टेंबरात, मुंबईत मांडवीला डॉक्टर आकासियो व्हिएगस या गोव्याच्या वैद्याने प्लेग ओळखला. ऑक्टोबरात सरकारने हाफकिनला मुंबईस धाडले. त्याला मिळाले काय? ग्रँट मेडिकल कॉलेजात एक खोली आणि एक ओसरी. हाताखाली एक कारकून आणि तीन पट्टेवाले. शहर रिकामे होत होते. गिरण्या ओस पडत होत्या, स्टेशनांवर माणूस मावत नव्हता. या पळापळीत तीन महिने हा माणूस एका खोलीत चंबू आणि दिवा घेऊन बसला. कामाच्या ताणाने त्याच्या एका मदतनिसाची प्रकृती ढासळली, दोघे काम सोडून गेले. हा हलला नाही.

त्याची कृती आपल्या गृहिणींनाही समजेल अशी आहे. जंतू वाढवायला मांसाचे पाणी लागते. हिंदूंना गाय चालणार नाही, मुसलमानांना डुक्कर चालणार नाही, म्हणून त्याने बोकडाच्या मांसाचे पाणी घेतले. त्यावर तुपाचे किंवा खोबरेल तेलाचे थेंब सोडले. त्या थेंबांना धरून प्लेगचे जंतू वडाच्या पारंब्यांसारखे खाली लोंबू लागत. चंबू हलवला की पारंब्या तळाशी बसत आणि वर नव्या फुटत. असे चार-सहा आठवडे चालले की ते पाणी ६५ अंशांपर्यंत तापवायचे, म्हणजे जंतू मरतात. मग त्यात थोडे कार्बोलिक आम्ल घालायचे आणि बाटल्या भरायच्या. आपल्या चुलीवरचे तूप आणि फोडणीचे खोबरेल युरोपातल्या शास्त्राच्या कामी आले.

१० जानेवारी १८९७ रोजी त्याने ही लसही प्रथम स्वतःलाच टोचली, आणि तीही पुढे लोकांना द्यायच्या मात्रेहून कितीतरी मोठी. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. सुमारे निम्मे कैदी टोचून घ्यायला पुढे आले. टोचलेल्यांपैकी काहींच्या अंगात रोग आधीच भिनलेला होता. ते वगळले तर बाकीच्यांत दोघे आजारी पडले, दगावला एकही नाही. न टोचलेल्यांत १२ आजारी पडले आणि ६ गेले. कैद्याची खुशी ती कितपत खुशी, हा प्रश्न आज आपण विचारू, आणि तो विचारलाच पाहिजे. पण त्या आकड्यांनी मुंबईच्या डोळ्यांपुढे पहिला उजेड आला, हेही तितकेच खरे.

याहून कठोर कसोटी १८९८ साली बडोदे संस्थानातल्या उंधेरा गावी झाली. घराघरांतून निम्म्यांना टोचायचे, निम्म्यांना नाही, असे ठरले. सहा आठवड्यांनी पाहणी झाली. ज्या घरांत प्लेग शिरला होता, त्या घरांतल्या ७१ टोचलेल्यांपैकी ३ जण गेले होते. न टोचलेल्या ६४ पैकी २६ गेले होते. हे वाचताना माझा घास अडला. एका छपराखाली, एका चुलीवरचे खाणारे भाऊ. एकाच्या दंडावर सुई टेकली, दुसऱ्याच्या नाही. शास्त्राला पुरावा लागतो हे बुद्धीला पटते. पण त्या २६ जणांच्या आयांना ते कोण पटवणार? लस पूर्ण अभेद्य नव्हती. टोचलेलेही काही दगावत. पण मरणाचा पूर तिने ओसरवला.

या काळात सरकार काय करीत होते, ते आपल्याला पाठ आहे. १८९७ चा साथीचा कायदा आला, घरात शिरून झडत्या सुरू झाल्या, बायकामाणसांना उघड्यावर तपासणे, देवघरात बूट घालून जाणे, आजाऱ्याला ओढून नेणे हे सारे झाले. गंमत अशी की यातल्या कोणालाही रोग कसा पसरतो हे ठाऊक नव्हते! उंदरावरची पिसू तो पसरवते, हे फ्रेंच डॉक्टर सिमाँने १८९८ साली कराचीत दाखवले. आणि तेही मान्य व्हायला पुष्कळ वर्षे लागली. तोवर गटारे धुण्यात आणि घरे खणण्यात उंदीर मात्र एका आळीतून दुसऱ्या आळीत पळत होते.

त्या धिंगाण्यात हाफकिनची सुई वेगळी उठून दिसते. तिच्यामागे सोजीर नव्हता. टोचल्याचा दाखला असला की छावणीतून सूट मिळे, म्हणून काही जण आले असतील. पण दंड पुढे करायचा की नाही, हे ज्याचे त्याने ठरवायचे होते. तरुण आगाखानांनी चारचौघांत टोचून घेतले आणि आपल्या अनुयायांचे भय घालवले. एवढेच नव्हे तर आपला खुश्रू लॉज हा बंगला प्रयोगशाळेसाठी दिला. काम तेथेही मावेना, तेव्हा परळचा जुना गव्हर्नरवाडा मिळाला. १० ऑगस्ट १८९९ रोजी गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांच्या हस्ते तेथे प्लेग संशोधन प्रयोगशाळा सुरू झाली. जिथे एके काळी मेजवान्या झडत, तिथे लसीच्या बाटल्यांच्या रांगा लागल्या. ओडेसाच्या तुरुंगातून सुटलेला मुलगा वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी त्या वाड्याचा मुख्य झाला होता.

आता तो दिवाळीचा धागा. १९०२ साली पंजाबात प्लेगने कहर केला. लाखो लोकांना टोचण्याचा बेत तिथल्या सरकारने केला आणि परळकडे मागणीचा पाऊस पडला. लस लवकर तयार व्हावी म्हणून हाफकिनने कृतीत बदल केला होता. कार्बोलिक गाळून तो केवळ उष्णतेवर विसंबला. ३० ऑक्टोबर १९०२. आश्विन सरत होता, दिवाळीचे दिवस होते. पंजाबातल्या मुल्कोवाल गावी त्या दिवशी १०७ माणसांना लस टोचली गेली. लस पाच बाटल्यांतली होती. त्यांतल्या एकीवर खूण होती ५३-एन. सुमारे आठवडाभराने त्या एका बाटलीतली लस टोचलेल्या १९ जणांचे जबडे आवळू लागले. धनुर्वात! एकोणीसच्या एकोणीस गेले. बाकीच्या चार बाटल्यांतली लस टोचलेल्यांना काही झाले नाही.

त्या एकोणीस घरांत पुढच्या दिवाळीला पणती कोणी लावली असेल? हाफकिनची बाजू मांडताना आपण त्यांना विसरता कामा नये. विश्वासाने दंड पुढे केलेली ती माणसे होती.

चौकशी बसली. मुंबई हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश सर लॉरेन्स जेंकिन्स आणि दोन डॉक्टर, असे मंडळ होते. त्यांनी निर्णय दिला की विष बाटलीत शिरले ते मुल्कोवालला नव्हे, परळच्या प्रयोगशाळेत. आणि कार्बोलिक गाळणे हा मोठा दोष. हाफकिनचे मुख्यपद गेले. १९०४ साली तो इंग्लंडला निघून गेला. चौकशीचे कागद मात्र वर्षानुवर्षे लोकांपुढे आले नाहीत. आरोप सर्वांना ठाऊक आणि पुरावा कोणालाच नाही, यापरती शिक्षा नाही. शाळेत एखाद्या मुलावर चोरीचा आळ येतो, पुढे पेन्सिल बाकाखाली सापडते, पण त्या मुलाकडे पाहण्याची वर्गाची नजर काही बदलत नाही; हे मी पाहिले आहे.

पेन्सिल इथेही सापडली. ती त्याच कागदांत होती. मुल्कोवालला बाटलीचे बूच काढायचा चिमटा मदतनिसाच्या हातून जमिनीवर पडला होता. तो नीट निर्जंतुक न करता, नुसता सौम्य औषधी पाण्यात बुचकळून, त्याने तीच बाटली उघडली होती. धनुर्वाताचे जंतू असतात मातीत आणि शेणात. शिवाय ते जंतू बाटलीत कित्येक आठवडे वाढत असते तर उघडताच दुर्गंधी आली असती. उघडणाऱ्या डॉक्टरला ती आली नव्हती. विष आधीच साठलेले असते तर लक्षणे लवकर दिसली असती. ती आठवड्याने दिसली. लंडनच्या लिस्टर संस्थेने सारा पुरावा पुन्हा तपासला. मलेरियाचे कोडे उलगडणारे रोनाल्ड रॉस मैदानात उतरले. २९ जुलै १९०७ च्या लंडन 'टाइम्स'मध्ये रॉस यांच्यासह दहा नामांकित शास्त्रज्ञांनी पत्र प्रसिद्ध करून हाफकिनवरचा आरोप टिकत नाही असे बजावले. फ्रान्समध्ये ड्रायफस या ज्यू सैनिकी अधिकाऱ्यावर देशद्रोहाचा खोटा आरोप येऊन गेला होता, त्याला अजून फार दिवस झाले नव्हते. हाफकिनच्या प्रकरणालाही लोक 'छोटे ड्रायफस प्रकरण' म्हणू लागले.

आळ उठला. पण परळ गेले ते गेलेच; ती जागा भरली होती. १९०८ मध्ये तो हिंदुस्थानात परतला तो कलकत्त्याच्या प्रयोगशाळेत, जिथे त्याच्या लसीचे काम करायला साधने नव्हती. ज्याने लाखोंना टोचले, त्याच्याकडे आता टोचायला माणूस नव्हता. निवृत्तीचे वय होईतो तो तिथे राहिला आणि मग फ्रान्सला निघून गेला. लग्न त्याने केलेच नव्हते. उतारवयात तो आपल्या धर्माकडे वळला. ज्या धर्मासाठी तरुणपणी नोकरी सोडली, त्या धर्माच्या पाठशाळांसाठी त्याने आपली पुंजी ठेवली.

१९२५ साली परळच्या प्रयोगशाळेला त्याचे नाव देण्यात आले. तोवर मुंबईहून लसीच्या सुमारे २ कोटी ६० लाख मात्रा बाहेर पडल्या होत्या. आपली उमेदीची वर्षे मुंबईच्या त्या कामात गेली, एवढेच त्याने कळवले. तक्रारीचा शब्द नाही. पाच वर्षांनी, २६ ऑक्टोबर १९३० रोजी, स्वित्झर्लंडमध्ये लोझान येथे तो वारला. आपल्याकडे त्या वर्षीची दिवाळी नुकतीच सरली होती. १९६४ साली भारत सरकारने त्याचे टपाल तिकीट काढले. त्यानंतर माणूस हळूहळू पाटीत विरघळून गेला.

मी विचार करतो, त्याला आपण का विसरलो? इंग्रजांनी त्याला आपला मानला नाही, कारण तो रशियन ज्यू होता. आपण मानला नाही, कारण तो इंग्रज सरकारच्या पगारावर होता. प्लेगच्या इतिहासात आपण दोनच बाजू शिकवल्या, जुलूम करणारे आणि त्याविरुद्ध उठणारे. त्या दोन्ही खऱ्या आहेत. त्यांतले एक अक्षरही मला पुसायचे नाही. पण तिसराही एक माणूस होता. सुई आधी आपल्या अंगात खुपसून मग दुसऱ्याला, "तू टोचून घेतोस का?" असे विचारणारा. साथ आली की सरकारांना हुकूम सुचतो. विचारणे त्याला सुचले होते. म्हणूनच मुल्कोवालचा घाव इतका खोल गेला. त्याचे सारे भांडवल लोकांचा विश्वास हेच होते.

तो मुलगा आता सातवीत आहे. दिवाळीच्या सुट्टीआधी प्लेगचा धडा आला तेव्हा मी पुस्तक मिटून ठेवले आणि तासभर हाफकिनची गोष्ट सांगितली. चिमटा जमिनीवर पडला तिथे वर्ग अगदी चिडीचूप झाला. तास संपल्यावर तो मुलगा टेबलापाशी आला आणि म्हणाला, "गुरुजी, मग त्यांना परत परळला का नाही बोलावलं?"

या खेपेलाही मला उत्तर आले नाही. पण या वेळी त्याने 'त्यांना' म्हटले होते.